नकाशातून हरवलेला ओढा

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. एस.टी. स्टँडच्या पलीकडे नवी कॉलनी झाली आहे, तिथं आमच्या ओळखीच्या एक वहिनी राहतात. एका पहाटे त्यांच्या स्वयंपाकघरात गुडघाभर पाणी शिरलं. वर्षाचे गहू भिजले, फ्रिज गेला, मुलीच्या बारावीच्या वह्यांचा लगदा झाला आणि गॅसची रिकामी टाकी तरंगत तरंगत दारापर्यंत आली. आम्ही चौघी-पाचजणी आवरायला गेलो. बरोबर गावठाणातल्या आमच्या शेजारच्या आजी होत्या. वय ऐंशीच्या पुढे, पण अशा वेळी घरात बसवत नाही त्यांना. अंगणातल्या ओट्यावर उभं राहून त्यांनी एकदा चहूकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘अगं बाई, हे तर ओढ्यातच बसलेत की! इथून आम्ही गौरी न्यायचो. ते बघ, आसरा अजून आहेत तिथं.’’

खरंच, कंपाउंडच्या भिंतीला लागून शेंदूर लावलेले सात दगड होते. साती आसरांचं ठाणं पाण्याच्या काठीच असतं. पाणी गेलं, दगड तेवढे राहिले.

वहिनींनी कपाटातून फाइल काढून दाखवली. खरेदीखत, सात-बारा, एन.ए.चा आदेश, मंजूर ले-आउट, बांधकामाची परवानगी, बँकेच्या वकिलाचा सर्च रिपोर्ट. कागद सगळे चोख. आयुष्याची कमाई घालताना बाईमाणूस जेवढी काळजी घेईल, तेवढी सगळी त्यांनी घेतली होती. पण एकाही कागदावर ओढा नव्हता.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. ओढ्याच्या काठापासून अंतर सोडून बांधा, असं नियमावली सांगते. नदीकाठी तर निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. पण अंतर मोजायचं कुठून? नकाशात ओढा असेल तर त्याच्या काठापासून. नकाशातच नसेल तर सरकारी भाषेत तिथं ओढा नाही. मग तो पावसाळ्यात येऊन तुमच्या ओट्याला धडक का देईना!

हे सगळं आजच लिहायचं कारण म्हणजे आपल्या छोट्या शहरांचे नकाशे सध्या नव्यानं काढले जात आहेत, आणि या वेळी ते कागदावर नव्हे, कॉम्प्युटरवर तयार होत आहेत. केंद्र सरकारनं १८ फेब्रुवारी २०२५ रोजी ‘नक्शा’ नावाचा कार्यक्रम मध्य प्रदेशातल्या रायसेनहून सुरू केला. पहिल्या टप्प्यात देशातली १५२ शहरं, आणि तीही मुद्दाम लहान निवडलेली : क्षेत्रफळ ३५ चौरस किलोमीटरपेक्षा कमी, लोकसंख्या दोन लाखांच्या आत. महाराष्ट्रातली काही गावंही त्यात आहेत. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या मदतीनं ड्रोन उडवून शहराचे फोटो घ्यायचे आणि त्यावरून प्रत्येक मिळकतीची नोंद पक्की करायची, असा हा बेत. त्याच्याही आधीपासून, २०१५ सालच्या ‘अमृत’ योजनेत शहरांचे विकास आराखडे उपग्रहाच्या चित्रांवरून, कॉम्प्युटरच्या साह्यानं करायला सुरुवात झाली होती. २०२१ च्या ‘अमृत २.०’ मध्ये पन्नास हजार ते एक लाख वस्तीची गावंही त्यात आली. म्हणजे पुढची वीस वर्षं आपल्या गावात रस्ता कुठं, बाग कुठं, घरं कुठं हे ठरवणारं चित्र आत्ता तयार होतंय.

ड्रोन म्हटलं की आपल्याला लग्नातलं शूटिंग आठवतं. पण या ड्रोनचं खरं कौतुक फोटोचं नाही, उंचीचं आहे. एकाच जागेचे वेगवेगळ्या कोनांतून फोटो घेतले की कॉम्प्युटर जमिनीचा चढ-उतार काढतो. स्वयंपाकघराचा ओटा बांधताना गवंडी पाण्याची नळी लावून पातळी बघतो ना, तसंच, फक्त आख्ख्या गावाची पातळी एकदम. गवंड्याचा हात चुकला तर पाणी मोरीकडे न जाता गॅसखाली साचतं आणि आपण जन्मभर फडकं मारत बसतो. गावाचंही तेच. चढ-उतार एकदा कळला की कॉम्प्युटरवर खोटा पाऊस पाडून पाणी कुठून कुठं जाईल आणि कुठं तुंबेल, ते घर बांधण्याआधी बघता येतं.

आणि पाणी किती असतं याचा हिशोब घरच्या घरी करून बघा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. गुंठा म्हणजे साधारण शंभर चौरस मीटर. एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस झाला तर तुमच्या एका गुंठ्याच्या प्लॉटवर दहा हजार लिटर पाणी पडलं, म्हणजे भला मोठा टँकर भरून! पूर्वी तिथं शेत होतं, तेव्हा त्यातलं पुष्कळसं जमिनीत मुरायचं. आता स्लॅब आहे, फरशी आहे, सिमेंटचा रस्ता आहे. शंभर प्लॉटांचे शंभर टँकर एकाच वेळी रस्त्यावर ओतले तर ते जाणार कुठं? जिथून शेकडो वर्षं जात होते तिथूनच. उन्हाळ्यात हेच पाणी आपण पैसे मोजून विकत घेतो, ते वेगळंच.

मुंबईनं हा हिशोब फार महागात शिकला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठी नावाची नदी आपल्या शहरात आहे, हे कित्येक मुंबईकरांना त्या दिवशी कळलं. तोवर तो नालाच होता. त्यानंतर पंधरा वर्षांनी, जून २०२० मध्ये, केंद्राचा भूविज्ञान विभाग आणि मुंबई महापालिका यांनी मिळून ‘आयफ्लोज-मुंबई’ ही पूर-इशारा यंत्रणा सुरू केली. पावसाचा अंदाज, समुद्राची भरती, जमिनीची उंची, नाल्यांची क्षमता, नद्या-तलावांची पातळी हे सगळं एकत्र करून कोणत्या वॉर्डात पाणी चढण्याची शक्यता आहे ते आधी सांगायचं, असं तिचं काम. चांगलीच गोष्ट आहे. पण ती सांगते ते ‘पाणी येतंय, सामान वर उचला’ एवढंच. पाण्याची वाट अडवून बसलेली घरं ती हलवू शकत नाही. ते काम आराखड्याचं, आणि आराखडा आधी येतो.

पुण्याचा आंबिल ओढा बघा. कात्रजकडून येणाऱ्या या ओढ्याचा प्रवाह पेशव्यांनी वळवला आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं. आज त्या तळ्याच्या जागी सारसबाग आहे. म्हणजे पाण्याची वाट बदलूच नये असं काही नाही. मात्र त्यांनी वाट बदलताना पाण्याला थांबायला तळं दिलं. आपण वाट तर अरुंद करतो आणि जागाही देत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याच ओढ्याला पूर आला, भिंती पडल्या, पुण्यात वीसहून अधिक माणसं गेली. ओढे फक्त पाणी आणत नाहीत, अडवलं की ते भिंती पाडतात.

याच ओढ्याची दुसरीही एक गोष्ट आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढं जाणं मला बरोबर वाटत नाही. २४ जून २०२१ ला, ऐन पावसाळ्यात आणि कोरोनाच्या काळात, आंबिल ओढ्याकाठची गरिबांची घरं पाडायला यंत्रणा पोहोचली. बायका रस्त्यावर उतरल्या, शेवटी कोर्टानं कारवाई थांबवली. ओढा मोकळा व्हावा असं मलाही वाटतं. पण मोकळा करायची वेळ आली की जेसीबी आधी पत्र्याच्या घरापाशी का थांबतो, हा प्रश्न नकाशा सोडवत नाही. तो आपल्यालाच विचारायला लागतो.

बरं, कॉम्प्युटरचा नकाशा म्हणजे ब्रह्मवाक्य, असंही समजू नका. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा पहिला मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला. सगळ्या शहराची पाहणी करून, आधुनिक पद्धतीनं केलेला. आणि त्यात उभ्या इमारतींवरून रस्ते, वारसा वास्तूंच्या नोंदी चुकलेल्या, अशा इतक्या गमतीजमती निघाल्या की लोकांच्या हरकतींचा ढीग पडला. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो दुरुस्त करायचा आदेश दिला. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला, मंजुरी २०१८ मध्ये. यंत्राला जे दाखवलं तेच ते दाखवतं. चूक काढली ती आपापली गल्ली ओळखणाऱ्या माणसांनी.

तसंच मोजणीचं. देशातल्या पाणसाठ्यांची पहिली गणना २०२३ मध्ये जाहीर झाली. मोबाइल अ‍ॅपवर, प्रत्येक ठिकाणाचा फोटो आणि अक्षांश-रेखांश घेऊन केलेली. देशात २४ लाख २४ हजारांहून जास्त तळी, टाक्या, बंधारे निघाले, त्यातले महाराष्ट्रात ९७ हजार. शहरी भागात किती? शंभरातले तीनसुद्धा नाहीत. आणि अतिक्रमण झालेले फक्त १.६ टक्के. वाचून बरं वाटलं, पण क्षणभरच. जे तळं बुजवून त्यावर मार्केट उभं राहिलं, ते मोजायला उरतंच कुठं? शिवाय ही गणना साठलेल्या पाण्याची. वाहते ओढे-नद्या त्यात धरलेल्याच नाहीत. म्हणजे आमच्या आजींचा ओढा तिथंही नाहीच.

झाडांच्या बाबतीत मात्र कायदा जरा बरा आहे. १९७५ च्या महाराष्ट्राच्या झाडांच्या कायद्यानुसार शहरातल्या झाडांची दर पाच वर्षांनी मोजणी व्हायला हवी, आणि २०२१ पासून पन्नास वर्षं वा त्याहून जुन्या झाडाला ‘वारसा वृक्ष’ म्हणून जास्त संरक्षण आहे. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये तर एकेका झाडाला क्रमांक देऊन ई-मेलचा पत्ता दिला. फांदी मोडली, कीड लागली तर कळवता यावं म्हणून. लोकांनी तक्रारी कमी आणि झाडांना प्रेमपत्रं जास्त लिहिली! हसू येतं खरं, पण वटपौर्णिमेला आपण ज्या वडाला सूत गुंडाळतो, त्याचा नगरपालिकेच्या यादीतला क्रमांक आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे? तो यादीत आहे का, हे तरी?

असो. आमच्या गावाकडे येते. दिवाळीनंतर आमच्या शहराच्या प्रारूप विकास आराखड्याची सूचना प्रसिद्ध झाली. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे असा मसुदा लोकांसमोर ठेवावा लागतो आणि हरकती-सूचनांसाठी मुदत द्यावी लागते, साधारण तीस दिवसांची. सूचना पेपरात आतल्या पानावर, बारीक अक्षरात होती. आपण तो कागद बहुधा डबा बांधायला वापरतो. मीही वापरला असता, पण वहिनींच्या घरातला चिखल डोळ्यांसमोर होता.

नकाशा कॉम्प्युटरवरही होता. माझ्या मोबाइलवर तो उघडेना. भाचीनं तिच्या कॉलेजच्या लॅपटॉपवर उघडला. पिवळा म्हणजे राहण्याची जागा, हिरवा म्हणजे शेती किंवा बाग, निळा म्हणजे पाणी. निळ्या रेषेवर बोट ठेवून आम्ही निघालो. डोंगरापासून ओढा छान येतो, महामार्गापाशी पोहोचतो आणि गायब! पलीकडे शाळेच्या मागून पुन्हा सुरू. जणू मधला भाग त्यानं एस.टी.नं पार केला. गायब झालेला तुकडा बरोबर वहिनींच्या कॉलनीतला.

मग भाचीनं काय काय शोधलं! गुगल अर्थवर जुन्या वर्षांची चित्रं बघता येतात. २००९ च्या चित्रात कॉलनी नव्हती. शेत होतं आणि त्यातून बाभळींची एक वाकडी रांग गेली होती. बाभळी रांगेनं कुठं वाढतात ते आजींनी न विचारताच सांगितलं. सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशेही नेटवर मिळतात. त्यात बारमाही पाणी निळ्या रेषेनं आणि पावसाळ्यापुरते ओढे काळ्या रेषेनं दाखवतात. आमचा ओढा काळा होता. मला वाटतं गोंधळ इथंच झाला असेल : उन्हाळ्यात पाहणी केली, कोरडं दिसलं, सोडून दिलं. गट नंबर ‘महाभूनकाशा’वर मिळाला. हे सगळं फुकट आणि घरबसल्या, फक्त भाची घरात हवी!

हे चेष्टेनं म्हणत नाही. नकाशा नेटवर टाकला म्हणजे तो लोकांपर्यंत पोहोचला, असं साहेबांना वाटतं. पण घरातला मोठा फोन नवऱ्याच्या खिशात, नकाशावरची माहिती इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे, हे पावसाळ्यात घराघरांतल्या बाईला ठाऊक असतं. धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ ला ५७ च्या वर गेलं. तो आकडा मोबाइलवर आला की ती पलंगावर धान्य चढवायचं की माहेरी जायचं ते ठरवते, कारण फुटांचा अर्थ तिला कळतो. आराखड्यातल्या ओढ्याचाही असा कळेल असा अर्थ कुणीतरी सांगायला हवा. नगरपालिकेत निम्म्या जागा २०११ पासून बायकांसाठी आहेत. नगरसेविकांनी एकेका वॉर्डचा नकाशा मोठा छापून बचत गटाच्या बैठकीत भिंतीवर लावला, तरी पुष्कळ होईल.

आम्ही तसंच केलं. झेरॉक्सवाल्याकडून नकाशाचा तेवढा भाग मोठा करून आणला आणि बचत गटाच्या बैठकीत पसरला. मग काय, कुणी बुजवलेली विहीर दाखवली, कुणी धुण्याचा दगड, कुणी गणपती बुडवायचे तो डोह. आजींनी आसरांच्या जागेवर हळदीचं बोट टेकवलं. ड्रोनला उंची कळते, पण इथं डोह होता हे त्याला कोण सांगणार?

हरकत लिहायला बसलो आणि खरी अडचण तिथं आली. वहिनींनी सही करायला नकार दिला. त्यांचं म्हणणं ऐकून मी गप्पच झाले. ‘‘नकाशात ओढा आला की माझं घर ओढ्यात आलं. उद्या विकायला गेले तर कोण घेईल? बँक काय म्हणेल? नोटीस आली तर मी जाऊ कुठं? कर्जाचे चौदा वर्षांचे हप्ते बाकी आहेत.’’ त्यांचं चुकलं असं कोण म्हणेल? ज्यांनी जागा पाडून विकली ते केव्हाच मोकळे झाले, परवानगी देणारे बदलून गेले. सत्याची किंमत आता एकट्या त्यांनी मोजायची.

शेवटी अर्ज बदलला. ओढा नकाशात दाखवा, पण जी घरं सरकारच्या परवानगीनं झाली आहेत ती पाडू नका. महामार्गाखालची मोरी रुंद करा. वरच्या अंगाला अजून मोकळी शेतं आहेत, तिथं ओढ्याच्या दोन्ही काठांना नवी परवानगी देऊ नका, पावसाचं पाणी थांबायला आणि मुरायला ती जागा राखून ठेवा. आसरांजवळचा मोकळा तुकडा बाग म्हणून आरक्षित करा. सत्तावीस बायकांच्या सह्या झाल्या. वहिनींची नाही. पण त्या रात्री त्यांनी मला फोटो पाठवले. त्या पहाटेचे, तारीख-वेळेसकट. ओट्याला लागलेलं पाणी, तरंगणारी टाकी. खाली लिहिलं होतं : ‘फोटो लावा. नाव नको.’ घराची पाटी दिसत होती तेवढी भाचीनं कापून टाकली आणि आम्ही ते अर्जाला जोडले. अर्ज आवक-जावक खात्यात दिला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला. हा शिक्का विसरू नका, नाहीतर अर्ज दिलाच नव्हता असं होतं.

गेल्या आठवड्यात सुनावणीचं पत्र आलं. हरकत घेणाऱ्यांना तिथं आपलं म्हणणं तोंडी मांडता येतं. मी आजींना विचारलं, येणार का? म्हणाल्या, ‘‘येते की. ओढा मीच पाहिलाय ना! पण जिना आहे का गं तिथं?’’ आहे. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे. सुनावणी खालच्या हॉलमध्ये घ्यावी, असा आणखी एक अर्ज काल देऊन आलेय.